नातीला मी लावलेला मधुमेह

माझ्या नातीला मधुमेह नव्हता. तो तिला मी लावला. जिन्यात उभ्याउभ्या, हातात भाजीची पिशवी धरून, एका दमात. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते.

त्या हुशार बाईची थोडी ओळख करून देते, कारण पुढे जे झालं ते तिच्या हुशारीनेच झालं. डोंबिवलीत आमची चार मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर मी, मुलगा, सून आणि नात. एका शाळेच्या ऑफिसात मी तीस वर्षं काढलेली, त्यामुळे कुठल्या पालकाला काय सांगून वाटेला लावायचं हे मला झोपेतही जमायचं. नको असलेला पाहुणा फोनवर असला की आमच्याकडचा गॅस संपायचा, पाणी जायचं, एकदा तर मी घरात सगळ्यांना कांजिण्या आणल्या होत्या. थापा मारण्यात माझा हात धरणारं इमारतीत कोणी नव्हतं. मला त्याचा अभिमानच होता.

नात जन्मली तेव्हा तिचं मूत्राशय पोटाच्या आत नव्हतं, बाहेर उघडं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, असं होतं काही बाळांचं, यात कोणाची चूक नसते. पहिल्या आठवड्यातच ऑपरेशन झालं. पुढे आणखी एक. सातव्या वर्षी तिसरं, मोठं. बेंबीपाशी एक बारीकसं छिद्र केलं. त्यातून तिने दर तीन-चार तासांनी पातळ नळी आत घालायची, लघवी काढून टाकायची, नळी पुन्हा पाऊचमध्ये ठेवायची. एवढंच. ठाण्याच्या आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शाळा, पोहणं, नोकरी, सगळं करेल ती. फक्त वेळ चुकवायची नाही. चार तासांच्या वर कधीच नाही."

सात वर्षांची पोर आठ दिवसांत शिकली. आरशासमोर उभी राहून, जिभेचं टोक दातात धरून. आजीला मात्र एक शब्द उच्चारायला पुढची चौदा वर्षं लागली.

तो शब्द लघवी. आमच्या घरात त्या गोष्टीला नावच नव्हतं. "जाऊन आलीस का?" एवढंच विचारायचं. कुठे, ते ज्याचं त्याने समजायचं. माझी आई तर तेवढंही बोलायची नाही, नुसती भुवई उडवायची. आता अशा घरात वाढलेल्या बाईने जिन्यात उभं राहून काय सांगावं?

समोरच्या दाराच्या वहिनींनी विचारलं होतं. आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणतो, नात्याने कोणी कोणाची काही नाही.

"काय हो वहिनी, नातीला सारखं घड्याळ बघून आत पाठवता. बरी आहे ना पोर?"

"शुगर आहे तिला," मी म्हटलं. "तपासावी लागते."

"अगंबाई! एवढ्याशा पोरीला?"

"आमच्या सासऱ्यांची आली."

सासरे बिचारे जन्मभर जेवणानंतर गुळाचा खडा खाऊन ठणठणीत राहिलेले. पण थाप मारायची तर माहेरावर कशाला, या हिशोबाने मी ती सासरच्या खात्यावर टाकली.

रात्री सुनेला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आई, खोटं कशाला सांगितलंत? सांगायचं नव्हतं तर काहीच नाही सांगायचं."

"काही नाही सांगितलं की लोक वाट्टेल ते रचतात. त्यापेक्षा आपणच रचलेलं बरं. उद्या तिचं लग्न व्हायचंय."

सात वर्षांच्या मुलीचं लग्न! आणि लहानपणापासून मधुमेह असलेल्या मुलीला सांगून येणारी स्थळं काय रांग लावणार होती, हा विचार त्या हुशार बाईच्या डोक्यात आला नाही.

मधुमेह मात्र इमारतीत रुजला. शेजारी चांगले असले की थाप फार जोमाने वाढते. दुसऱ्याच दिवशी वहिनींनी कारल्याचा रस आणून दिला. वाढदिवसाला केक कापला की सगळ्या पोरांच्या पुढ्यात तुकडा आणि हिच्या पुढ्यात वेफर्स. संक्रांतीला इतरांना तिळगूळ, हिला मुठीत शेंगदाणे. "तुला नाही गं चालत सोन्या," असं वर आणि गालावरून हात. त्या हाताचा माझ्या नातीला किती राग यायचा हे मला फार उशिरा कळलं. शाळेत बाईंना सुनेने खरं ते सांगितलेलं होतं, तिथे ती सगळ्यांसारखी बर्फी खायची. इमारतीच्या फाटकातून आत आली की तिला मधुमेह व्हायचा.

मी घरी भरपाई करायचे. "दार लाव, मग लाडू देते." तिला वाटायचं मजा आहे. मलाही वाटायचं मजा आहे. पोटावरची नळी दाराआड, पाऊच दाराआड, आणि आता लाडूही दाराआड.

ती बारा वर्षांची असताना, नवरात्रात, रविवारी दुपारी पार्किंगमध्ये आमच्या सोसायटीचा भोंडला होता. गाड्या बाहेर काढून, पाटावर हत्ती काढून, त्याच्याभोवती मुली-बायकांनी फेर धरायचा. फेर झाला की खिरापत. प्रत्येक घरचा डबा झाकलेला, आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं, ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. यात आमची नात पटाईत. डबा कानाशी धरून नुसता हलवायची आणि सांगायची, "करंजी. तीन-चार फुटल्यात." बायका टाळ्या वाजवायच्या. मग झाकण उघडायचं, डबा फिरायचा, आणि जिने ओळखलं तिला सोडून सगळ्या खायच्या.

त्या वर्षी सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. मुलगा आणि सून कल्याणला एका वास्तुशांतीला गेलेले. आणि आदल्याच आठवड्यात वहिनींनी सहज विचारलं होतं, "वहिनी, शुगर तपासायला ती बाथरूममध्ये का जाते हो? आमचा भाचा तर सोफ्यावर बसून बोट टोचतो." त्यावर मी काहीतरी उत्तर दिलं. थापेला पहिल्यांदाच भोक पडलं होतं.

चार वाजता नात माझ्या कानाशी आली. "आजी, बारा वाजता केलेलं. वर जाऊन येते."

"आत्ता? फेर सुरू होतोय. आत्ता उठलीस की विचारतील."

"विचारू दे."

"थांब गं जरा. एक फेर होऊ दे."

ती थांबली. पावणेपाचला तिने लांबून माझ्याकडे बघितलं, मी हातानेच थांब म्हटलं. साडेपाचला पुन्हा आली, तेव्हा मी तिच्या हातात डबा दिला आणि मोठ्याने म्हणाले, "चला, आमची एक्सपर्ट आली!" सगळ्या हसल्या. तिने डबा कानाशी धरला. बराच वेळ धरला. म्हणाली, "नाही कळत."

सहाच्या सुमाराला ती पाटाशेजारी खालीच बसली. कपाळावर घाम, हात थरथरतायत, ओठ पांढरे. वहिनींनी पाहिलं आणि त्या ओरडल्या, "शुगर उतरली पोरीची! साखर आणा, पाणी आणा कोणीतरी!"

भली बाई. वर पळत जाऊन ग्लुकोजचा डबा घेऊन आली. ग्लासात ढवळलं, नातीच्या तोंडाला लावलं. "पी बाळ. पूर्ण पी."

सहा तास न रिकाम्या केलेल्या मूत्राशयात आणखी पाणी. मला माहीत होतं. तिथे जमलेल्या वीस-बावीस बायकांत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं, मला आणि तिला. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्या घशापर्यंत आलं आणि त्यात तो शब्द होता.

नातीने ग्लासावरून माझ्याकडे बघितलं. मी बोलेन याची ती वाट बघत होती. मग तिने नजर काढून घेतली आणि प्यायली. एक ग्लास, मग दुसरा. माझी थाप सांभाळायला प्यायली.

तेवढ्यात मुलगा आणि सून कल्याणहून आले. सुनेने गाडीतून उतरता उतरता तिचा चेहरा बघितला आणि एवढंच विचारलं, "शेवटचं कधी केलंस?" उत्तराची वाट न बघता तिला उचलूनच वर नेलं. नळी जाईना. फार भरलं की तो रस्ता आवळला जातो, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलेलं. तशीच गाडीत घातली, ठाण्याला निघालो. शीळफाट्याला गाड्या एकाला एक चिकटलेल्या. तिचं डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की ती माझं मनगट आवळायची, ओरडायची नाही. पुढच्या सीटवरून सून सारखी डॉक्टरांशी फोनवर बोलत होती, "लघवी अडकलीय, सहा तास, हो, लघवी." मुलाने काचा खाली केलेल्या. शेजारच्या रिक्षातल्या माणसाने वळून बघितलं. आणि मला, त्या तसल्या वेळी, माझं मनगट नात आवळत असताना, सुनेला म्हणावंसं वाटलं, जरा हळू बोल.

म्हणाले नाही. पण वाटलं होतं.

डॉक्टरांनी वाट मोकळी केली, तिला आराम पडला. चार दिवस ताप होता, सलाइन होतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई तिच्या कॉटवर बसून म्हणाल्या, "तू तर कधीच चुकवत नाहीस. काय झालं?"

"विसरले," नात म्हणाली. "खेळायच्या नादात."

सून माझ्याकडे बघत होती. मी भिंतीवरचा हात कसे धुवावेत हा तक्ता वाचत होते. पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत, दोनदा.

घरी आल्यावर वहिनी भेटायला आल्या. "वेळेवर ग्लुकोज दिलं म्हणून निभावलं बाई! नाहीतर काय झालं असतं?" मी म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून." काय करणार, जिभेला सवय. पुढे दर वर्षी भोंडल्याला वहिनी हा किस्सा सांगायच्या, नव्या बिऱ्हाडांना तर आवर्जून. मी मान डोलवायचे. नात मात्र त्यानंतर भोंडल्याला कधी खाली उतरली नाही. वेळही तिने पुन्हा कधी चुकवली नाही. माझ्याशी भांडलीही नाही. मी मनाशी म्हटलं, विसरली पोर.

आता ती एकवीस वर्षांची आहे. या वर्षी ठाण्याला नोकरी लागली. रोजच्या जाण्यायेण्यात नळीची वेळ कुठे सांभाळायची, स्टेशनांवरच्या त्या मोऱ्यांत? म्हणून ऑफिसपासून चालत जाता येईल अशी जागा तिने शोधली, टेंभी नाक्याजवळ, तीन मुलींबरोबर. एक बाथरूम, चौघीजणी.

जायच्या आधी एका संध्याकाळी माझ्या पलंगावर आडवी होऊन म्हणाली, "आजी, त्यांना काय सांगू? तुझ्याकडे मधुमेहापेक्षा बरं काहीतरी असेल ना? त्या तिघी सारखा केक मागवतात, शुगर नाही चालणार."

मला हसू आलं. आणि मग, देवाशपथ सांगते, मी रचायला लागले. "त्वचेचं काहीतरी सांग. दर तीन तासांनी मलम लावावं लागतं म्हणावं. मलम म्हटलं की कोणी बघायला मागत नाही."

"हं. पण पाऊच?"

"मलमाचाच पाऊच."

"आणि लांब बाहेर गेलो तर? तिथे मलम कुठे लावू? त्या दिवशी नाही लावलं तरी चालतं म्हणू?"

तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ती खरंच डोक्यात आकडेमोड करत होती, कुठल्या थापेत किती तास काढता येतील याची.

"नको," मी म्हटलं. "खरं सांग त्यांना."

ती छताकडे बघत होती. "तू सांगितलंस कधी?"

रात्रभर डोळा लागला नाही असं नाही, लागला. पण सकाळी उठले ती पक्कं ठरवून, आणि समोरची बेल दाबली.

वहिनी मेथी निवडत होत्या. मी टीपॉयच्या पलीकडे बसले. "वहिनी, आमच्या नातीला शुगर नाहीये."

"काय सांगता! उतरली?"

"नव्हतीच."

मग सगळं सांगितलं. जन्मापासून. लघवी हा शब्द मी परक्या दिवाणखान्यात पहिल्यांदा उच्चारला, आणि काही झालं नाही. पंखा फिरत होता तसाच फिरत राहिला. चौदा वर्षं मी एवढ्याशाला घाबरत होते.

वहिनींचा हात मेथीवर थांबला होता. "म्हणजे भोंडल्याच्या दिवशी मी ते पाणी पाजलं..."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"वहिनी," त्या सावकाश म्हणाल्या, "पहिला ग्लास संपला तेव्हा दुसऱ्यासाठी पाण्याचा जग तुम्ही माझ्या हातात दिला होतात."

हे मी वर लिहिलं नाही. लिहिताना तिथे आले आणि पुढे गेले. पण दिला होता. उभी राहून नुसतं बघितलं असं नाही, जग उचलून दिला.

वहिनी आजारावरून काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या दुसरंच. "माझ्या नातवाच्या बारशाला तिने पेढ्याला हात पुढे केला होता. मी ताट मागे घेतलं. मला वाटलं, तिच्या भल्यासाठी." त्यांनी मेथीची जुडी पुढे ओढली. "तुम्ही मला एका लेकरापुढून ताट ओढायला लावलंत, वहिनी. इतकी वर्षं. जा तुम्ही आता. मला मेथी करायचीय."

मी उठून आले. लाज वाटत होती, पण खोटं कशाला सांगू, जरा हलकंही वाटत होतं. बाईने वयाच्या पंचाहत्तरीत एक धाडस केलं, असा काहीसा भाव. संध्याकाळी नात आली तशी मी कौतुकाची वाट बघत सांगितलं, "सांगितलं मी समोर. सगळं."

तिने बॅग खाली ठेवली. "कोणाला विचारून?"

"अगं, तूच तर म्हणालीस..."

"मी विचारलं, तू कधी सांगितलंस का. जाऊन सांग असं म्हटलं मी? आत्ता लिफ्टमध्ये समोरच्या काकू होत्या. मला वाटलं आज अशा का करतायत. खालपासून दुसऱ्या मजल्यापर्यंत त्या माझ्या पोटाकडे बघत होत्या, आजी."

"त्या बिचाऱ्या वाईट नाहीत गं."

"त्या नाहीच आहेत वाईट." तिचा आवाज चढला नाही, हेच कठीण होतं. "पोट माझं आहे. तेव्हा लपवायचं तू ठरवलंस, आता सांगायचंही तूच ठरवलंस. मी कुठे होते दोन्ही वेळेला? पाणी पीत होते."

म्हणजे विसरली नव्हती. एक घोटही विसरली नव्हती.

मी माफी मागितली. ती "ठीक आहे" म्हणाली, हल्लीची मुलं म्हणतात तसं, म्हणजे ठीक नसताना म्हणतात तसं. सून मध्ये पडली नाही. रविवारी सामान गाडीत घातलं, मी लाडवांचा डबा पुढे केला, तो तिने घेतला, आणि निघाली.

तीन आठवडे फोन सुनेलाच यायचे. मी टीव्हीचा आवाज बारीक करून कान द्यायचे. चौथ्या आठवड्यात मला आला.

"आजी, एकीला सांगितलं. बाकीच्या दोघींना नाही सांगितलं. सध्या नाही सांगणार."

"काय म्हणाली ती?"

"काही नाही. म्हणाली, बाथरूमची कडी सैल आहे, कोणी ढकललं तर उघडेल. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून नवी बसवून घेतली तिने."

तिघींपैकी कुठली, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बाकीच्या दोघींना कसं सांगावं याच्या चार युक्त्याही तयार होत्या. मी दात दाबून धरले. "बरं," म्हटलं. एवढंच म्हणायला मला किती कष्ट पडले ते तिला कळलं असावं, कारण पलीकडून बारीक हसल्यासारखा आवाज आला. किंवा मला तसा वाटला.

समोरच्या वहिनी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात. दूध जास्त झालं तर घेणार का, सोसायटीची नोटीस वाचली का. त्यांचं बरोबर आहे.

हे सगळं लिहून काढलं ते नातीला पाठवायच्या आधी कोणालाही दाखवलं नाही. सुनेलाही नाही. सोबत निरोप पाठवला की तू नको म्हणालीस तर फाडून टाकेन, कारण विचारणार नाही. आठ दिवस उत्तर नाही. त्या आठ दिवसांत मी तीन वेळा फोन उचलला आणि तीन वेळा खाली ठेवला. मग कागद परत आले. कुठलंही नाव राहता कामा नये, असं वर लिहिलेलं. आत दोन वाक्यं आणि एक अख्खा परिच्छेद पेनाने खोडलेला, खालचं अक्षर दिसणार नाही इतका गच्च. मी तेवढं गाळून पुन्हा नीट लिहून काढलं. काय होतं तिथे, ते मला माहीत आहे आणि तिला.